पाटीवर ‘सू’ आहे का? : शांघायमधलं शाकाहारी जेवण



आजचा विषय आहे लांबच्या गावाचा, पण प्रश्न मात्र आपल्या घरातलाच. हल्ली आपल्या तालुक्यांतली मुलं-मुली चीनला जातात. कुणी डॉक्टरकी शिकायला जातं, कुणी कंपनीच्या कामाला, कुणी यंत्रं आणि माल बघायला. बॅग भरताना घरात थंडीची चर्चा होते, भाषेची होते, पैशांची होते. आई मात्र सगळ्यांत आधी विचारते, “तिथं खाणार काय?”

घर माळकरी असलं, जैन असलं किंवा नुसतंच मांस-मच्छी न खाणारं असलं, तर हा प्रश्न जास्तच टोचतो. मग होतं काय? जाणारा माणूस बिस्किटं, केळी आणि ब्रेड यांच्यावर महिना काढतो आणि अशक्त होऊन परत येतो. नाहीतर “परदेशात चालायचंच” म्हणून डोळे मिटून जे पुढे येईल ते खातो, आणि ती रुखरुख पुढे कितीतरी दिवस मनात राहते. खरं तर या दोन्हींची गरज नाही. चीनमध्ये शाकाहारी जेवणाची दीड हजार वर्षांची परंपरा आहे. ते जेवण कुठे शोधायचं आणि कसं मागायचं, एवढं समजून घ्यायला हवं. आज आपण त्यासाठी एकच शहर घेऊ. शांघाय. सुमारे २.५ कोटी वस्तीचं, समुद्राकाठचं, आपल्या मुंबईसारखं व्यापाराचं शहर. २०१४ साली मुंबई आणि शांघाय यांच्यात भगिनी-शहरांचा करारही झाला आहे.

“मांस नको” म्हणून का भागत नाही?

आपल्याकडे हॉटेलात “व्हेज” म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मांस, मासे, रस्सा, बहुतेक ठिकाणी अंडंसुद्धा, सगळं त्यातून आपोआप वगळलं जातं. चीनमधल्या साध्या हॉटेलात तसं नाही.

तिथं मांसाला ‘रौ’ म्हणतात. नुसतं ‘रौ’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा डुकराचं मांस येतं. त्यामुळे “रौ नको” असं सांगितलं तर स्वयंपाकी त्या मांसाचे तुकडे घालणार नाही. पण पालेभाजी डुकराच्या चरबीत परतू शकतो, वरून सुकी कोळंबी भुरभुरू शकतो, सारात कोंबडीच्या हाडांचं पाणी घालू शकतो. यात त्याने तुम्हाला फसवलं असं होत नाही. त्याच्या हिशेबाने मांस म्हणजे चावून खायचा तुकडा. चरबी म्हणजे फोडणीचं तेल, आणि हाडांचं पाणी म्हणजे चव. आपण भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतो आणि भाजीला “शेंगदाण्याची भाजी” म्हणत नाही, तसंच त्याचं.

चार गोष्टी तर डोळ्यांना दिसतच नाहीत. पहिली, डुकराची चरबी. तिला ‘जू यौ’ म्हणतात. दुसरी, कोंबडीच्या चवीची पूड, ‘जी जिंग’. मिठासारखी ती भाजीत टाकतात. तिसरी, ऑयस्टर सॉस; तो शिंपल्यातल्या प्राण्यापासून करतात आणि पालेभाजीवर ओततात. चौथी, हाडांचं किंवा मांसाचं सार. नूडल्सचं पाणी बहुतेक वेळा तेच असतं. हिरवीगार, साधी दिसणारी भाजी समोर येते, आणि तिच्यात या चारांपैकी काय आहे ते चवीवरून आपल्याला ओळखता येत नाही.

पदार्थांची नावंही फसवतात. ‘मापो तोफू’ ऐकलं की सोयाबीनचं पनीर वाटतं, पण त्यात गाईचा किंवा डुकराचा खिमा घालायची पद्धत आहे. ‘माशाच्या स्वादाची वांगी’ नावाचा एक पदार्थ आहे. त्यात मासा अजिबात नसतो, तो फक्त मसाल्याचा प्रकार आहे. पण मासा नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्यात पुष्कळदा डुकराचा खिमा असतो. कोरड्या परतलेल्या फरसबीच्या शेंगांचंही तसंच.

‘सू’ म्हणजे काय?

आता कामाचा शब्द सांगते. तो आहे ‘सू’. शाकाहारी जेवणाला चिनी भाषेत हाच शब्द आहे. “मी शाकाहारी आहे” हे सांगायचं तर म्हणायचं, “वो छ सू.” वो म्हणजे मी, छ म्हणजे खाणं. “मी सू खातो” किंवा “मी सू खाते.”

हा शब्द कुठून आला बघा. ‘सू’चा मूळ अर्थ आहे न रंगवलेलं, कोरं रेशमी कापड. त्यावरून साधं, बिनासजावटीचं असा अर्थ आला आणि पुढे साध्या, बिनमांसाच्या जेवणालाही तेच नाव पडलं. त्या अक्षराच्या खालच्या भागात धाग्याचं चिन्ह अजूनही आहे. वरच्या भागात एक उभी रेघ आणि तिला छेदणाऱ्या तीन आडव्या रेघा. आपल्याला चिनी वाचता आलं नाही तरी चालेल. हे एक अक्षर मोबाईलवर मोठं करून पाच-दहा वेळा वहीत गिरवायचं. मग ते दुकानाच्या पाटीवर सहज ओळखू येतं.

उच्चाराचं मात्र एक सांभाळा. ‘सू’ म्हणताना आवाज वरून खाली आणायचा, एखाद्याला ठामपणे “हो” म्हणतो तसा. आणि ‘सू’चा ‘त्सू’ होऊ द्यायचा नाही, म्हणजे आपल्या ‘चूल’मधल्या ‘चू’सारखा. ‘त्सू’ म्हणजे व्हिनेगर. “वो छ त्सू” म्हटलं तर अर्थ होतो, “माझा जळफळाट होतोय!” नवराबायकोच्या, प्रियकर-प्रेयसीच्या मत्सराला तिथं “व्हिनेगर खाणं” म्हणतात. जेवायला मागायला जावं आणि वाढणाऱ्या बाईने तोंडाला पदर लावून हसावं, तसं व्हायचं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ऐका. ‘सू’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ सारखा नसतो. साध्या हॉटेलच्या मेनूत ‘सू त्साय’ असं एक सदर असतं. त्याचा अर्थ एवढाच, की हे भाज्यांचे पदार्थ आहेत. त्यात चरबी, चिकन पूड, थोडा खिमासुद्धा असू शकतो. पण जेव्हा ‘सू’ हे अक्षर हॉटेलच्या दारावरच्या पाटीवर असतं, म्हणजे हॉटेलच ‘सू’चं असतं, तेव्हा त्या स्वयंपाकघरात मांस सहसा येतच नाही. कढई वेगळी, तेल वेगळं, सार भाज्यांचं. म्हणून शोधायचं ते पाटीवरचं ‘सू’. मेनूतलं ‘सू’ दिसलं तर पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

हे जेवण आलं कुठून?

चीनमधलं शाकाहारी जेवण बौद्ध मठांत वाढलं. भारतातले बौद्ध भिक्षू भिक्षा मागून जेवत. भिक्षेत जे पडेल ते घ्यायचं, मात्र आपल्यासाठी मुद्दाम मारलेल्या प्राण्याचं मांस घ्यायचं नाही, असा नियम होता. चीनमध्ये भिक्षू मोठ्या मठांत राहू लागले आणि मठांत स्वतःचा स्वयंपाक होऊ लागला. तिथं लिआंग घराण्याचा सम्राट वू याने मोठा बदल घडवला. त्याचं राज्य इ.स. ५०२ ते ५४९. तो स्वतः कट्टर बौद्ध होता. त्याने भिक्षू-भिक्षुणींना मांस आणि दारू सोडायला लावली. पूर्वजांच्या पूजेत प्राण्यांचा बळी द्यायची पद्धत होती, ती बंद करून पिठाचे प्राणी वाहायला सांगितलं. आपल्याकडे बळीच्या जागी कोहळा फोडतात ना, त्यातलाच हा विचार.

मठांच्या जेवणात आणखी एक नियम आहे. लसूण, कांदा, कांद्याची पात अशा उग्र वासाच्या पाच वस्तू तिथं चालत नाहीत. आणि त्या पाचांत चक्क हिंगही आहे! त्यांच्या जुन्या ग्रंथांतलं हिंगाचं नावसुद्धा संस्कृत ‘हिंगु’वरूनच गेलेलं आहे. आपल्याकडे कांदा-लसूण सोडलेली माणसं हिंगावर भागवतात, तिथं हिंगही सुटला. पण चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या माणसाला मठाचं जेवण चांगलं मानवतं, हे नक्की.

वारांचंही साम्य आहे. आपली एकादशी, तशी तिथं चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, म्हणजे हे दिवस आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतात. एरवी मांस खाणारी पुष्कळ माणसंही या दोन दिवशी ‘सू’ खातात. त्या दिवशी देवळांत गर्दी, देवळाजवळच्या शाकाहारी खाणावळींतही गर्दी. भिंतीवरचं आपलं पंचांगच शांघायमध्येही उपयोगी पडतं, ते असं. त्या दिवशी लवकर जायचं.

शांघायमध्ये कुठे जायचं?

पहिली वाट देवळाची. शांघायमध्ये ‘युफो स’ नावाचं प्रसिद्ध बौद्ध मंदिर आहे. त्याचा अर्थ जेड बुद्धाचं मंदिर. १८८२ साली ब्रह्मदेशातून जेड दगडाच्या बुद्धमूर्ती आणल्या, त्यांच्यासाठी हे मंदिर उभं राहिलं. मेट्रोच्या १३ नंबरच्या मार्गावर च्यांगनिंग लू स्टेशनला उतरून चालत जाता येतं. मंदिराचं स्वतःचं शाकाहारी जेवण आहे. तिथली नूडल्सची वाटी, म्हणजे ‘सू मियेन’, साधी आणि पोटभरीची असते.

दुसरं मंदिर ‘लोंगहुआ स’. शहराच्या दक्षिण भागात, मेट्रोच्या ११ आणि १२ नंबरच्या मार्गांवर लोंगहुआ नावाचंच स्टेशन आहे. उंच मनोरा दिसला की समजायचं, आलो. इथंही देवळाच्या आवारात शाकाहारी नूडल्स मिळतात.

देवळाच्या खाणावळीत कुणीही जाऊन जेवू शकतं. तुमचा धर्म कुणी विचारत नाही. मात्र वेळ पाळावी लागते. चीनमध्ये जेवणं लवकर होतात, दुपारचं अकरापासून एकपर्यंत आणि रात्रीचं पाच-सहा वाजल्यापासून. देवळातल्या खाणावळी तर त्याहून लवकर आवरतात. रात्री नऊला “आता जेवू” म्हणून गेलं तर दार बंद असणार. आणि ताटात टाकायचं नाही. हा आपल्या पंगतीतलाच नियम, तिथंही लागू आहे.

दुसरी वाट जुन्या शाकाहारी हॉटेलांची. त्यांत सगळ्यांत नावाजलेलं ‘गोंगदलिन’. नावाचा अर्थ ‘पुण्याचं वन’. हे १९२२ साली सुरू झालं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं हॉटेल. शहराच्या मध्यभागी, नानजिंग पश्चिम रस्त्यावर आहे. पीपल्स स्क्वेअर या मोठ्या मेट्रो स्टेशनावर १, २ आणि ८ हे तीन मार्ग एकत्र येतात, तिथून चालत जाता येतं. त्यांचे ‘चंद्र-केक’ प्रसिद्ध आहेत. भाद्रपद-आश्विनाच्या पौर्णिमेच्या सुमाराला तिकडे चंद्राचा सण असतो, तेव्हा ते घ्यायला रांगा लागतात. सणाचे केक बाकी ठिकाणी पुष्कळदा चरबी घालून करतात, म्हणून या हॉटेलाचं महत्त्व.

तिसरी वाट नव्या हॉटेलांची. शांघायमध्ये आता तरुण मंडळी तब्येतीसाठी म्हणून शाकाहारी खातात आणि त्यांच्यासाठी नवी हॉटेलं निघाली आहेत. काही खूप महागडी आहेत. ‘फू ह हुई’ या शाकाहारी हॉटेलाला तर मिशेलिन या नामांकित मार्गदर्शिकेचा तारा मिळालेला आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडायचं नाही. विद्यार्थ्याने शोधावी ती स्वस्त, आपल्या हाताने वाढून घ्यायची शाकाहारी खाणावळ. ठरलेले पैसे द्यायचे आणि हवं ते ताटात घ्यायचं. तिथं पदार्थ डोळ्यांसमोर असतात, म्हणून भाषेची अडचण निम्मी कमी होते. या नव्या हॉटेलांत मात्र अंडं आणि दूध चालतं की नाही, ते विचारून घ्यावं. देवळात अंडं नसतं, इथं असू शकतं. “अंडं खात नाही” याला “बू छ दान” म्हणायचं.

ताटात काय येतं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला एक धक्का बसतो, तो आधीच सांगते. शाकाहारी हॉटेलाच्या मेनूत कोंबडी, बदक, मासा अशी नावं असतात. मोबाईलने भाषांतर केलं की पडद्यावर ‘चिकन’ असं येतं आणि माणूस घाबरून उठतो. उठू नका. ‘सू जी’ म्हणजे सोयाबीनच्या पनीरासारख्या पदार्थाची गुंडाळी, ‘सू या’ म्हणजे सोयाबीनच्या दुधावरच्या सायीत मशरूम गुंडाळून केलेला पदार्थ. नाव बदकाचं, आत सोयाबीन. सम्राटाने पिठाचे प्राणी केले, त्याच वळणावरची ही हौस. देवाला आणि पाहुण्याला ताट भरलेलं दिसलं पाहिजे, पण जीव जायला नको. ज्यांना असं रूपसुद्धा नको वाटतं, त्यांनी सरळ मशरूमची, पालेभाजीची आणि तोफूची भाजी मागावी. कुणी आग्रह करत नाही.

शांघायची खासियत म्हणजे ‘खाव फू’. हे समजायला आपल्या कुरडया आठवा. आपण गहू भिजवतो, वाटतो, चीक काढून घेतो आणि चोथा बाजूला करतो. तिथं उलटं करतात. कणीक मळून पाण्यात धुतात, पांढरा चीक वाहून जाऊ देतात आणि मागे जो रबरासारखा चिवट गोळा राहतो तो ठेवतात. त्यात गव्हातली प्रथिनं असतात. तो गोळा थोडा आंबवून वाफवला की स्पंजासारखा होतो. मग सोया सॉस, साखर, शेंगदाणे, मशरूम आणि वाळवलेल्या लिलीच्या कळ्या घालून शिजवतात. गोडसर लागतो आणि थंडच वाढतात. शेंगदाणे आहेत म्हटल्यावर आपल्याला ओळखीचं काहीतरी सापडतं!

सोयाबीनचं तर विचारूच नका. लातूरपासून विदर्भापर्यंत आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या शेतात सोयाबीन आहे. आपण ते घालतो बाजारात, आणि ते जातं तेलाच्या गिरणीला. चीनमध्ये त्याच दाण्याचं दूध होतं, दुधाचं पनीर होतं, सायीचे पापुद्रे होतात, तेही वाळवून वर्षभर ठेवतात. मांस न खाणाऱ्याची ताकद तिथं सोयाबीनवर टिकते. घरून फोन आला की मुलाला विचारा, “तोफू खातोस का?” नुसता भात आणि बटाटा खाऊन भागणार नाही.

साध्या हॉटेलात जायची वेळ आली तर

रोज देवळात जेवायला जाणं कुणालाच जमणार नाही. कॉलेजची खाणावळ असेल, कंपनीची मेजवानी असेल. तिथं मेनूतलं ‘सू’ असतं, पाटीवरचं नसतं. मग एकेक वस्तूचं नाव घेऊन नको म्हणायचं. “बू याव” म्हणजे नको. बू याव रौ, मांस नको. बू याव जू यौ, डुकराची चरबी नको. बू याव जी जिंग, चिकन पूड नको.

मागायचं काय? पालेभाजी तेलावर साधी परतून मागा. त्याला ‘छिंग छाव’ म्हणतात. ‘दी सान श्येन’ हा पदार्थ लक्षात ठेवा. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची तळून परततात. सहसा त्यात मांस नसतं आणि आपल्या जिभेला तो लगेच आवडतो. बटाट्याचे बारीक काप परतून देतात, काकडी ठेचून लसूण-व्हिनेगर घालून देतात. सोबत पांढरा भात, ‘मी फान’. तिखटाची काळजी नको, मिरची सगळीकडे असते.

न्याहारीला गोड सोयाबीन दूध आणि तळलेली लांब पोळीकाठी, ‘यौ थ्याव’. सोयाबीन दूध खारं मागू नका, त्यात बहुधा सुकी कोळंबी घालतात. वाफवलेल्या पावांच्या दुकानात मशरूम आणि पालेभाजीचा पाव मिळतो. तो बरा, पण सारणात चरबी आहे का ते विचारा. कांद्याच्या पातीच्या तेलातल्या नूडल्स शांघायमध्ये फार लोकप्रिय आहेत. त्यांचा एक प्रकार सुक्या कोळंबीचा असतो, तेवढा टाळा.

आणखी दोन ठिकाणी सावध. मुसलमान बांधवांची लांझौ नूडल्सची दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथं डुकराचं काही नसतं हे खरं, पण सार गाईच्या मांसाचं असतं. “डुक्कर नाही म्हणजे आपल्याला चालेल” असं समजून आत गेलेली माणसं फसतात. दुसरं, उकळत्या सारात आपण निवडलेल्या भाज्या शिजवून देणारी दुकानं. भाज्या तुम्ही निवडता, पण सार बहुतेक हाडांचं असतं.

कंपनीच्या मेजवानीत यजमान आग्रहाने ताटात वाढतो. तो तिथला मान आहे. गप्प बसून ताट सरकवलं तर त्याला अपमान वाटू शकतो. त्यापेक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, “मी सू खातो.” माझा धर्म असा आहे किंवा माझं व्रत आहे, असं सांगितलं की तिथली माणसं लगेच समजून घेतात. त्यांच्याही आजीने पहिली-पंधरावीला ‘सू’ पाळलेलं असतं.

मोबाईल, पैसे आणि बॅग

आपल्या सवयीचे नकाशे तिथं हाताशी नसतात. चीनच्या इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सॲप बंद आहेत. तिथले लोक जेवणाची ठिकाणं ‘ताचुंग त्येनपिंग’ या ॲपवर शोधतात, रस्ता ‘कावदे’च्या नकाशावर. ‘सू’चं अक्षर त्यात टाकलं की जवळची शाकाहारी हॉटेलं फोटोंसकट येतात. ‘हॅपीकाउ’ हे जगभरच्या शाकाहारी हॉटेलांची यादी देणारं ॲपही कामाचं आहे. मात्र छोटी हॉटेलं बंद पडतात, जागा बदलतात. म्हणून शेवटचा अभिप्राय अलीकडचा आहे का ते बघूनच निघावं, आणि जवळचं दुसरं एक नाव हाताशी ठेवावं. पैसे तिथं बहुतेक मोबाईलवरूनच देतात. अलीपेला बँकेचं परदेशी कार्ड जोडता येतं. तरी थोडे युआन रोख जवळ असू द्यावेत.

बॅगेत काय घालायचं? पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, उपम्याचं तयार पीठ. गरम पाणी चीनमध्ये सगळीकडे मिळतं, हॉटेलच्या खोलीत किटली असते, रेल्वेत नळ असतो. तेवढ्यावर पोह्यांची, उपम्याची सोय होते. पण ताजी फळं, भाज्या, बियाणं आणि दूध-दुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा घालून पाठवू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि ही शिदोरी पहिल्या चार-आठ दिवसांपुरती. महिनाभर तिच्यावर राहायचं नाही.

गटाने करायचं एक काम

तुमच्या गटातल्या कुणाच्या घरचं माणूस चीनला निघालं असेल, तर पुढच्या बैठकीत त्याच्यासाठी एक कार्ड तयार करा. मजकूर असा :

“मी शाकाहारी आहे. मी डुकराचं, गाईचं, कोंबडीचं, कोणतंही मांस खात नाही. मासे, कोळंबी, खेकडे आणि अंडी खात नाही. कृपया डुकराची चरबी, मांसाचं किंवा माशाचं सार, ऑयस्टर सॉस आणि चिकन पूड घालू नका. वनस्पती तेल, मीठ, मिरची आणि सोया सॉस चालेल. आभारी आहे.”

कांदा-लसूण चालत नसेल तर तेही लिहा. ज्यांना अंडं चालतं, त्यांनी तो शब्द काढा. मग महा ई-सेवा केंद्रात किंवा ज्याच्या हाती चांगला मोबाईल आहे त्याच्याकडून त्याचं चिनी भाषांतर करून घ्या. भाषांतर झालं की थांबू नका. ते चिनी वाक्य परत मराठीत उलटवून बघा. “चरबी” जाऊन नुसतं “तेल” आलं असेल, किंवा “नको”चं “हवं” झालं असेल, तर तिथंच कळतं. एका वेळी एकच छोटं वाक्य टाकलं की भाषांतर नीट होतं. मोठ्या अक्षरांत छापून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करा. दोन प्रती करा, एक खिशात, एक बॅगेत. मोबाईलची बॅटरी संपते, कार्डाची संपत नाही.

आणि जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून निघायच्या आधी दहा वेळा म्हणवून घ्या, “वो छ सू.” चुलीतला चू नाही, सुतातला सू. तुमच्या गटातलं कुणी तिकडे जाऊन आलं असेल, तर त्यांना कुठे काय चांगलं मिळालं ते आम्हाला लिहून पाठवा. ते आपण सगळ्या मैत्रिणींना वाचून दाखवू.